परमुलूख आणि हळदीचा ढोल

आमच्या शिरड शहापूरला मल्लिनाथाच्या दर्शनासाठी लांबलांबचे जैन यात्रेकरू येतात. लहानपणी त्यांच्या तोंडूनच परमुलूख कळायचा. पुढे गुरुजींनी ‘पूर्णिया’ हातात ठेवलं. मी त्यात घाट, देवळं धुंडाळत होतो. भेटले बिहारातले भूमिहीन मजूर आणि त्यांना नाडणारे जमीनदार. १९६९ साली आलेलं हे पुस्तक अनिल अवचटांचं. मूळ ओतूरचे, पुण्यात शिकून डॉक्टर झालेले. दवाखाना थाटण्याऐवजी परक्या मुलखातल्या उपाशी माणसांजवळ बसावं आणि दिसलं तेवढंच लिहावं, हे मला फार थोर वाटलं. आजही वाटतं.

कॉलेजला परभणीत होतो. तेव्हा आमचा जिल्हाही परभणीच. हिंगोली वेगळा झाला १९९९ला. परभणीतच अवचटांचं निपाणीवरचं लेखन वाचलं. तंबाखूच्या वखारीत दिवसभर धुळीत राबणाऱ्या बायका, त्यांचा खोकला, त्यांची मजुरी.

त्याच वर्षी शिमग्याला गावी आलो तर खळ्यावर हळद चालली होती. शिजवून वाळवलेली हळकुंडं ढोलात घालून फिरवायची, म्हणजे वरची साल झडते आणि झळाळी येते. झडलेलं सगळं हवेत उडतं. पदरानं नाक बांधलेल्या बायका, पापण्यांवर पिवळा थर. हा ढोल मी जन्मापासून पाहत होतो. एका मावशीला मजुरी विचारली.

“मजुरीचं काय इचारतोस बापू, राती थुकलं तरी पिवळंच पडतंय.”

पुढे गावचा वार्ताहर झालो. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी, वसमतच्या बाजारातला हळदीचा भाव, या बातम्या पाठवायच्याच. भावासोबत ढोलावरच्या मजुरीचा आकडाही पाठवू लागलो. कधी छापून यायचा, कधी गाळला जायचा.

अवचट नुसतं वर्णन करतात, उपाय सांगत नाहीत, असं म्हणणारे मला बरेच भेटले. मला ते पटत नाही. त्यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला धावले आणि १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचटांनी ते चालवलं. लेखणीनं याहून जास्त काय करावं?

२७ जानेवारी २०२२ला अवचट गेले. त्यांची पुस्तकं माझ्याकडून गावातली पोरं नेतात, काही परत येत नाहीत, त्याचं मला बरंच वाटतं. यंदा हळद निघाली की वसमतच्या हमालांकडे जायचंय. पाठीवरच्या पोत्याचं वजन आणि हाती पडणारी हमाली, दोन्ही लिहून घ्यायचंय.