सांडायला पाणी

एका विद्यार्थिनीने अलीकडेच आमच्याकडे शिफारसपत्र मागितले. परदेशातील विकासकार्यात स्वयंसेवक म्हणून काही महिने काम करण्याची तिची इच्छा होती आणि त्यासाठीचा इंग्रजी अर्ज तिने छापून आणला होता. बाकीचे रकाने तिने नेटके भरले होते. दोन कोरे होते. एक प्रवासखर्चाचा. दुसऱ्यात, आपण कोणत्या समुदायात काम केले आणि तेथे कोणता बदल घडवून आणला, असे विचारले होते. ती म्हणाली, "सर, माझं घर पोखर्णीला. यांचा तो समुदाय म्हणजे आम्हीच की. मग मी इथं काय लिहू?"

आम्ही थबकलो. पोखर्णीचे नाव ऐकताच आम्हांस आम्ही स्वतः फार पूर्वी भरलेला असाच एक रकाना आठवला.

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' असे स्थानक आहे. नृसिंहाच्या मंदिरामुळे गाव पंचक्रोशीत ख्यातनाम आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, महाविद्यालयात शिकत असताना, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही तेथे दहा दिवस मुक्काम केला होता. ही योजना गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतील सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. त्याआधी दोन वर्षे, 1967 साली, बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरविली होती. तो ध्येयवाद आमच्यापर्यंत पोचेतो बराच पातळ झाला होता, हे मान्य. तरी कुदळ-फावडे हाती घेताना अंगावर रोमांच उभे राहत, हेही खोटे नव्हे.

आम्हांस शोषखड्ड्यांचे काम नेमून दिले होते. घरामागे खड्डा खणावा, त्यात दगड-विटांचे तुकडे भरावेत, सांडपाणी त्यात सोडावे. म्हणजे डबकी साचत नाहीत आणि डास होत नाहीत. शास्त्र बिनचूक होते. चौथ्या दिवशी एका घरामागे आम्ही घाम गाळीत होतो आणि घरच्या आजी ओट्यावर बसून आमचे खणणे पाहत होत्या. खड्डा पुरा झाल्यावर त्यांनी आम्हांस भाकरी, ठेचा आणि तांब्याभर पाणी दिले. मग म्हणाल्या, "खड्डा चांगला झाला, लेकरांनो. पण सांडायला पाणी तर पाहिजे!" त्या घरी पाणी दुरून, डोक्यावरून येत होते. भांडी विसळलेले पाणी म्हशीला, उरलेसुरले परसातल्या शेवग्याला. सांडण्याजोगे काही उरतच नव्हते. आणि त्यातलेच तांब्याभर आम्ही घटाघटा पिऊन मोकळे झालो होतो.

मराठीचे विद्यार्थी म्हणून शिबिराचा अहवाल लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. 'स्वयंसेवकांनी ग्रामस्थांना शोषखड्डे बांधून दिले,' असे आम्ही त्यात लिहिले. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. कर्ता आम्ही, संप्रदान गाव. भाकरी कोणी दिली, पाणी कोणी दिले, दहा दिवस पाठ टेकायला जागा कोणी दिली, याचा अहवालात उल्लेख नव्हता. ती वाक्ये लिहिली असती तर कर्ता गाव झाला असता.

विनोबांनी 1951 साली भूदान आरंभिले, तेव्हा शंकराचार्यांच्या आधाराने दान म्हणजे योग्य विभागणी, असा अर्थ ते सांगत. आम्ही मात्र 'श्रमदान' या शब्दातील दान उपकाराच्या अर्थाने घेतले. ही चूक केवळ आमची नव्हे. 1968 साली, मेक्सिकोत सेवेसाठी जाऊ पाहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना इव्हान इलिच यांनी तोंडावर सुनावले होते की, पाहायला या, शिकायला या. मदत करायला मात्र येऊ नका. विद्यार्थिदशेत हे वाचनात आले असते, तर आम्ही संतापलो असतो. आज ते अर्धे पटते. अर्धेच, कारण इलिच यांचा रोख जाणाऱ्यांकडे होता. ज्यांच्या दारी असे लोक येतात, त्यांच्यातीलच एखादी मुलगी 'मी जाते' म्हणाली, तर तिला काय सांगावे?

वाटा नाहीत असे नाही. संयुक्त राष्ट्रांनी 1970 साली स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम स्थापन केला. त्यात देशोदेशी नेमलेल्या स्वयंसेवकांना निर्वाहभत्ता मिळतो. सचिवालयातील इंटर्नशिप मात्र बिनपगारी असते. 2015 साली जिनिव्हात, न्यूझीलंडहून आलेला असा एक बिनपगारी तरुण भाडे परवडेना म्हणून तंबूत राहतो, ही बातमी जगभर गाजली होती. त्याची ही गत, तर पोखर्णीतल्या शेतकऱ्याच्या मुलीने अशा 'संधी'कडे कोणाच्या जिवावर पाहावे? संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष स्वयंसेवकांचे म्हणून घोषित केले आहे. त्यानिमित्त होणाऱ्या गौरवपर भाषणांत हा हिशेब कोणी मांडील, तर बरे.

असो. आम्ही तिला विचारले, "सुटीत गावी असतेस, तेव्हा संध्याकाळी काय करतेस?"

"काही नाही, सर. बाया येतात कागद घेऊन. श्रावणबाळ योजनेचे अर्ज असतात, बँकेचे कागद असतात. ते वाचून दाखवते, भरून देते. पण ते काय काम म्हणायचं?"

"कधीपासून?"

"नववीत होते तेव्हापासून."

साऱ्या गावाचे रकाने भरणारी ही मुलगी स्वतःच्या रकान्यापाशी अडली होती. तेच लिही, असे आम्ही म्हणालो. पण 'बदल घडवून आणला' हे क्रियापद तिला मानवेना. बराच वेळ पेन हातात धरून बसल्यावर तिने लिहिले की, गावातल्या बायांनी मला वाचायला बसवले, त्यामुळे मला सरकारी भाषा कळू लागली. आमच्या त्या अहवालात जे वाक्य यायला हवे होते, ते हे.

शिफारसपत्रात आम्ही फार काही लिहिले नाही. ही विद्यार्थिनी जेथे जाईल तेथे खणण्यापूर्वी पाण्याची चौकशी करील, एवढे लिहून सही केली. अर्जाचा निकाल यायचा आहे. प्रवासखर्चाचा रकाना आम्हांलाही भरता आला नाही.