काजळ घातलेला डोळा

डोळ्याचा माग घेणाऱ्या सेन्सरची परीक्षा आजही फक्त अंशांत होते, हे इतकी वर्षे या कामात काढूनही मला पटलेले नाही. चूक एका अंशाच्या आत आली की सेन्सर पास. ती कोणाच्या डोळ्यावर मोजली, वीज किती लागली, हे कोणी फारसे विचारत नाही. खरे तर आभासी जग दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये हा सेन्सर येण्याचे एक मोठे कारण काटकसर हेच होते. दृष्टिपटलाच्या मध्यावर जेमतेम दोन अंशांचे जग लख्ख दिसते, कडेचे सारे धूसर. म्हणून नजर असेल तेवढेच चित्र बारकाईने काढायचे, बाकीचे ढोबळ. २०२३ च्या प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये हीच युक्ती आहे. पण त्याला कन्सोलच्या तारेतून वीज मिळते. चष्म्याच्या काडीत मावणाऱ्या बॅटरीवर हिशेब फिरतो. डोळा उडी घेतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही पुढे जातो. त्याला गाठायला कॅमेरा सेकंदाला शंभराहून जास्त चित्रे घेतो, इन्फ्रारेड दिवे उजळतात, प्रत्येक चित्रात बाहुली शोधावी लागते. एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने जाते.

कॅमेरे दरवर्षी कमी वीज खाऊ लागलेत, मग घाई कशाला, असे म्हणतात. पण खाल्लेल्या विजेची उष्णता होते आणि ती कपाळाशीच साठते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या बनारसमध्ये ही बाब किरकोळ नाही. म्हणून लाखो पिक्सेलांऐवजी मोजके फोटोडायोड मला जवळचे वाटतात. बुबुळाभोवतीचे पांढरे आणि गडद बुबुळ यांतून परतणाऱ्या प्रकाशाच्या फरकावरून ते नजरेची दिशा काढतात, आकडेमोड नाममात्र. हेडसेट नाकावर जरा घसरला की सारे माप बिघडते, हा आक्षेप मात्र खरा आहे. कॅमेरा पूर्ण काढून टाकावा, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. आता सांगत नाही. त्याने अधूनमधून जागे होऊन माप सुधारावे आणि पुन्हा झोपावे.

तरी मुख्य दुखणे उरतेच. काशी विश्वनाथ धामात हेडसेट लावून आभासी दर्शनाची सोय आहे. उद्या असे हेडसेट नजरेवर चालू लागले, तर ते लावणाऱ्यांत काजळ घातलेल्या बायका असतील, पापणी उतरलेले म्हातारे असतील, मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवलेले असतील. काजळाची काळी रेघ बाहुली म्हणून धरली जाते, उतरलेली पापणी बाहुली झाकते, भिंगावरची चमक सेन्सरला चकवते. मोजक्या बिंदूंवर चालणारा स्वस्त सेन्सर तर आणखीच फसेल. असे डोळे अपवाद आहेत, हे उत्तर तरुणांच्या प्रयोगशाळेत चालेल, घाटावर नाही. बनारसमध्ये सेन्सर घडवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिली चाचणी साठी उलटलेल्या डोळ्यांवर घ्या, आणि अचूकतेशेजारी विजेचा आकडाही छापा.