पाकीट फोडू नका!

‘पाठवलं’ याचा पुरावा म्हणजे मोबाइलवरच्या दोन निळ्या टिक्स, ही आपल्या जनरेशनची ठाम समजूत. माझी ती मौद्याच्या भाडेकरूने मोडीत काढली.

एनटीपीसीचा वीज प्रकल्प आला, नागपूर-भंडारा हायवे रुंद झाला आणि मौद्यातल्या खोल्यांना भाव आला. आमच्या दोन खोल्यांत मात्र बाबांचे जुने मित्र राहायचे. २०२३ मध्ये त्यांनी भाडं थांबवलं. बाबा वर्षभर तोंडीच सांगत राहिले, आपलाच माणूस म्हणून. शेवटी वकिलांनी आरपीएडीने, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने, जागा सोडण्याची नोटीस धाडली. आठवडाभरात पाकीट परत! वर शेरा : ‘घेण्यास नकार’.

‘‘घेतलंच नाही न त्यानं!’’ बाबांचा चेहरा उतरला. वकीलसाहेब मात्र खूश. ‘‘फोडू नका. हाच आपला पुरावा!’’

कसा काय? १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ बघा. पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला आणि पत्र रजिस्टर केलेलं असेल, तर ते नेहमीच्या वेळेत पोचलं असं कोर्ट धरून चालतं. ‘मिळालंच नाही’ हे सिद्ध करायचं समोरच्याने. १९८१ मध्ये ‘हरचरण सिंग विरुद्ध शिवरानी’ या घरमालक-भाडेकरू खटल्यात सुप्रीम कोर्ट आणखी पुढे गेलं. पोस्टमनला नकार दिला, की नोटीस मिळाली आणि आतला मजकूरही कळला, असंच मानायचं!

म्हणूनच बॉस, फाइल नीट ठेवा. नोटिसीची ऑफिस कॉपी, पोस्टाची पावती, ट्रॅकिंगची लगेच काढलेली प्रिंट आणि पोचपावती किंवा परत आलेलं बंद पाकीट. पावतीवरचा नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळवून बघा. पत्ता अर्धवट असेल, तर कलम २७ चा आधारच जातो.

आणखी एक. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. रजिस्ट्रेशन आता स्पीड पोस्टवरची जादा सेवा आहे, तेव्हा काउंटरवर ती आवर्जून मागा.

आपल्याच माणसाला नोटीस पाठवायला जीवावर येतं, मान्य. पण वर्षभर तोंडी केलेल्या विनवण्यांची पावती कुठलंच पोस्ट देत नाही.