काशीला जाताय? दूधविनायकाची वाट आधी समजून घ्या

काशीला गेलात की विश्वनाथाचं दर्शन, गंगाआरती, नावेतून घाट हे सगळं तुम्ही करालच. पण एक सकाळ दूधविनायकासाठी राखून ठेवा. पंचगंगा घाट, ब्रह्माघाट, दुर्गाघाट यांच्या मागच्या अंगाला असलेली ही मराठी माणसांची जुनी वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या घरांतून अजून मराठी ऐकू येतं, मधूनच हिंदीचा हेल घेऊन.

मी आजीला घेऊन गेले होते. आजीचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. म्हणून मी घरूनच मोबाइलवर सगळी आखणी केली होती.

स्टेशनवरून ई-रिक्षा केली. तिच्यावर रंगीत स्टिकर आणि क्यूआर कोड. बनारसमध्ये ई-रिक्षा इतक्या वाढल्या की २०२४ मध्ये वाहतूक पोलिसांनी त्यांना भाग वाटून दिले. रंगावरून रिक्षा कुठल्या भागातली ते कळतं आणि कोड स्कॅन केला की तिची माहिती. आमचा रिक्षावाला एका चौकात थांबला. "आगे हमारा इलाका नहीं है." आजी म्हणाली, "अगं बाई, आता रिक्षालाही सोवळं!"

हसू आलं, पण कल्पना चांगली आहे. रस्ता सगळ्यांचा, म्हणून कुणी कुठे फिरायचं, कुठे थांबायचं हे शहराने ठरवायचं. लॉस एंजेलिसने २०१८ मध्ये याच कामासाठी ‘मोबिलिटी डेटा स्पेसिफिकेशन’ नावाची पद्धत आणली. भाड्याची स्कूटर कुठे उचलली, कुठे सोडली, हे कंपनीने ठरलेल्या साच्यात शहराला कळवायचं. शहर संगणकावरच्या नकाशात रेघ ओढून सांगतं, इथे गाडी लावू नका. आता इतर शहरंही ती वापरतात. आपल्या पुण्यात २०१७ च्या अखेरीस ॲपवरच्या सायकली आल्या होत्या, आठवतात? फुटपाथवर आडव्या पडलेल्या त्या सायकली पाहिल्या असतील, तर अशी रेघ का लागते ते वेगळं सांगायला नको.

बनारसकडेही यंत्रणा आहे. सिगऱ्याला स्मार्ट सिटीचं नियंत्रण केंद्र आहे, तिथल्या पडद्यांवर चौकाचौकांतले कॅमेरे दिसतात. कॅन्ट ते गोदौलिया रोपवेचं भूमिपूजन मार्च २०२३ मध्ये झालं. पण यातलं काहीच दूधविनायकाच्या गल्लीत शिरत नाही, शिरू शकणारही नाही.

मैदागिनला उतरून कालभैरवाच्या बाजूने आत वळलो आणि फोनवरचा निळा ठिपका उड्या मारू लागला. दोन्ही बाजूंना उंच घरं, वर आकाशाची चिंधी. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे फोन आपल्याला शेजारच्याच गल्लीत उभं करतो. नकाशाने ‘जवळचा’ म्हणून दाखवलेला रस्ता निघाला पायऱ्यांचा. आजी पहिल्याच पायरीवर बसली. समोर बैल, मागे हॉर्न वाजवणारी मोटारसायकल आणि मला रडू यायच्या बेतात.

चाकं मोजणारी यंत्रणा पायी चालणाऱ्या म्हातारीला मोजत नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. पायऱ्या किती, टेकायला ओटा कुठे, दुचाकी लावून अडलेला बोळ कुठला, हेही नकाशात भरता येईल की! कुणीतरी ते मागायला हवं.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला, "कुठून आलात?" मराठीत! त्या काकू खाली आल्या, आजीला पाणी दिलं आणि पायऱ्या नसलेल्या वाटेने आम्हाला गणपतीपर्यंत सोडून गेल्या. वाट लांबची होती, पण आजी न थांबता चालली. परत येताना ओट्यावर बसून दोघींनी अर्धा तास लोणच्याच्या गप्पा मारल्या.

तुम्ही गेलात तर रिक्षात बसण्याआधीच विचारा, "मैदागिन तक जाओगे?" सोबत वडीलधारं कुणी असेल तर सकाळी लवकर निघा, दुचाकींची वर्दळ व्हायच्या आत. आणि गल्लीत शिरलात की वाट खुशाल मराठीत विचारून बघा.