प्रस्थानापूर्वी

‘मिशन’ हा शब्द मराठीत दोन दारांनी आला. एका दाराने तो धर्मोपदेशकाबरोबर आला आणि मिशन शाळा, मिशन दवाखाना अशी वस्ती करून राहिला. दुसऱ्या दाराने तो राष्ट्रीय चळवळीबरोबर आला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर पाठविले, तेही ‘मेडिकल मिशन’च होते. पहिल्या मिशनकडे आपण संशयाने पाहतो, दुसऱ्याकडे अभिमानाने. जाणाऱ्या माणसाला निघण्यापूर्वी जे करावे लागते ते मात्र दोहोंत फारसे वेगळे नसावे, असे मला पहाडगंजातल्या एका मुक्कामात वाटू लागले.

दिल्लीत कामानिमित्त आलो की मी पहाडगंजात उतरतो. स्टेशन हाकेच्या अंतरावर, नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन जवळ. त्या गजबजाटातही कानावर मराठी पडते. तेथेच मिरजेकडचे एक तरुण ख्रिस्ती जोडपे भेटले. तो शल्यचिकित्सक, ती परिचारिका. दक्षिण सुदानमधील एका मिशन रुग्णालयात दोघे निघाले होते आणि व्हिसासाठी खोळंबले होते. तो देश २०११ साली स्वतंत्र झाला आणि २०१३च्या डिसेंबरात यादवीत सापडला. २०१८च्या करारानंतरही तेथील बंदुका पुरत्या शांत झालेल्या नाहीत.

त्यांच्या तयारीची यादी ऐकताना प्रथम कुतूहल वाटले, मग अंगावर काटा आला. पीतज्वराची लस टोचून झाली होती. मोडलेली हाडे, अडलेली बाळंतपणे आणि भूल, सारे एकट्याने निभावता यावे म्हणून त्याने काही महिने लहान गावांतील दवाखान्यांत काढले होते. तिशी ओलांडते न ओलांडते तोच दोघांनी मृत्युपत्रे केली होती. हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली आला. ती मात्र चहा गाळत राहिली.

मी तिला थेट विचारले, तेथे धर्मोपदेश करणार का? खाटेवर पडलेल्या माणसाला उठून जाण्याची सोय नसते, म्हणून त्याच्या उशाशी केलेला उपदेश मला कधीच रुचलेला नाही, हेही सांगितले. ती म्हणाली, ‘‘आजाऱ्याला आम्ही काही ऐकवणार नाही, सर. पण का आलात असं कुणी विचारलं, तर खोटंही सांगणार नाही.’’ या उत्तराने माझे पूर्ण समाधान झाले असे नाही. पण ते सरळ होते.

तिच्या आईने अजून ‘जा’ म्हटले नव्हते, ‘नको’ही म्हटले नव्हते. रोज फोन करून ती एवढेच विचारी, तिकडे भाकरी मिळेल का? तिकडेही ज्वारीच पिकते आणि तिच्याच पातळ भाकऱ्या खातात, हे कळल्यावर म्हातारी दोन दिवस बरी बोलली म्हणे.

आणि एक वही होती. जुबा शहरात बोलल्या जाणाऱ्या अरबीतील वाक्ये तिने तीत देवनागरीत उतरविली होती. कुठे दुखते, केव्हापासून, रात्री झोप लागते का. साहित्याचा विद्यार्थी म्हणून माझे मन त्या वहीवर खिळले. परक्या मुलखात जाणाऱ्याची खरी कसोटी औषधांच्या पेटीपेक्षा या पानांवर लागते. विल्यम केरीने बंगालात बसून, मराठी पंडिताच्या साहाय्याने, आपल्या भाषेचे व्याकरण रचले आणि ते १८०५ साली श्रीरामपूरला छापले. त्याच्या हेतूशी आपले मतभेद असतील. त्या श्रमाला नमस्कारच करावा लागतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे मोठेपणही मला येथेच दिसते. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा तरुण पदव्युत्तर शिक्षणाच्या विचारात होता. वडिलांनी उत्तेजन दिले. मुलगा इतक्या दूर जाणार म्हणून आईचा जीव कष्टी झाला. १९३८च्या सप्टेंबरात पथक मुंबईहून निघाले. चीनमध्ये पाचही जणांनी आपल्या नावांच्या शेवटी ‘ह्वा’ हे चीनवाचक अक्षर जोडून घेतले. वडील गेल्याची वार्ता तिकडेच आली. कोटणीस परतले नाहीत. चिनी भाषा शिकून ते तिच्यात बोलू-लिहू लागले. १९४१ साली ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याला नाव होते डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे. बेथ्यून हे कॅनडातील एका प्रेस्बिटेरियन पाद्र्याचे पुत्र, स्वतः कम्युनिस्ट. आणि मिरजेचे मिशन रुग्णालय उभारणारे विल्यम वॉनलेसही कॅनडातलेच, प्रेस्बिटेरियन मिशनरी. इतिहासाने ही दोन दारे एकमेकांच्या इतकी जवळ ठेवली आहेत. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी निवर्तले. मागे पत्नी क्वो छिंगलान आणि काही महिन्यांचा मुलगा इन्ह्वा. त्या नावात भारत आणि चीन दोन्ही होते.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, वयाने कितीतरी वडील. तेही त्याच युद्धात गेले आणि १९३९ साली घरी परतले. त्यांचे नाव आज मराठीत क्वचितच कुणी घेते. त्या जोडप्यालाही ते ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा तिने वहीच्या मागच्या पानावर ‘चोळकर, नागपूर, परत आले’ असे लिहून घेतले.