काशीचा उजेड

पौषातली पहाट. दशाश्वमेध घाटावर अजून अंधार आहे. धुक्यात नदी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते ते कळत नाही. चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह पेटला आहे. कुडकुडत डुबकी मारणाऱ्या भाविकांचे ‘हर हर गंगे’ ऐकू येते. पायऱ्यांवर आठ-दहा जण गळ्यात कॅमेरे अडकवून सूर्याची वाट बघत बसले आहेत. कुणी कोलकात्याहून आलेला, कुणी पुण्याहून, कुणी थेट परदेशातून. प्रत्येकाला काशीचे असे छायाचित्र हवे आहे, जे आजवर कुणी काढले नसेल.

पण काशीत हे फार अवघड. जटाधारी साधू, आरतीच्या ज्वाळा, वेताची छत्री, पाण्यावर तरंगणारा पणतीचा द्रोण ही सारी चित्रे येणाऱ्याने घरी बसूनच शेकडो वेळा पाहिलेली असतात. पहिले दोन दिवस तो तीच पुन्हा टिपतो. राख फासलेला साधू कॅमेरा दिसताच ऐटीत बसतो आणि चित्र झाले की हात पुढे करतो. तिसऱ्या दिवशी हौशी छायाचित्रकार कंटाळून एखाद्या पायरीवर नुसताच टेकतो. इथे टिपण्यासारखे काही उरलेच नाही, असे त्याला वाटू लागते. गंमत अशी की पुष्कळांची काशी त्या पायरीवरच सुरू होते. कारण हात थांबले की डोळे पाहू लागतात.

उत्तरेकडे वळलेली नदी

पायरीवर बसलेल्याच्या आधी ध्यानात येतो तो इथला उजेड, आणि त्यामागे भूगोल आहे. हिमालयातून निघालेली गंगा मैदानात पूर्वेकडे वाहत जाते. काशीला मात्र ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. सारे शहर पश्चिम काठावर, धनुष्यासारखे वाकलेले. समोरच्या काठाला वस्ती नाही, केवळ वाळूचे पांढुरके पात्र. अस्सीपासून राजघाटापर्यंत परंपरेने 84 घाट मोजले जातात आणि त्या सर्वांचे तोंड उगवतीला आहे. त्यामुळे सूर्य वर आला की त्याचे पहिले किरण आडव्या रेषेत थेट पायऱ्यांवर, वाड्यांच्या भिंतींवर आणि अर्घ्य देणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडतात. मधे काहीच आड येत नाही.

दुपार कलली की खेळ उलटतो. सूर्य शहराच्या पाठीमागे जातो आणि उंच वाड्यांची सावली घाटावर उतरते. मग पायऱ्यांवर थेट ऊन नसते. मोकळ्या आकाशाचा मऊ, पसरलेला उजेड तेवढा राहतो. सकाळी होडीतून सबंध घाट टिपावा आणि दुपारनंतर पायऱ्यांवर बसून माणसांचे चेहरे टिपावेत, असे जाणकार सांगतात ते यामुळेच.

ऋतूंप्रमाणेही घाट बदलतो. पावसाळ्यात पाणी चढते, खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, होड्या बंद पडतात. पूर ओसरला की गाळाचे थर पंपाच्या पाण्याने धुऊन काढावे लागतात. कार्तिकात पंचगंगा घाटावर उंच बांबूंना टोपल्या बांधून पितरांसाठी आकाशदीप लावतात. त्या महिन्याच्या पौर्णिमेला देवदिवाळी असते आणि सारे घाट पणत्यांनी उजळून निघतात.

कापडाचे आकाश

या शहराकडे पाहता पाहता काय सुचू शकते, याचा एक दाखला चित्रपटाच्या इतिहासात आहे. सत्यजित राय यांनी 1956 साली ‘अपराजितो’ केला. त्यातली घाटांवरची दृश्ये काशीत चित्रित झाली. पण अपूचे कुटुंब ज्या घरात राहते, ते घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारण्यात आले. छायालेखक होते सुब्रत मित्र, वय जेमतेम पंचवीस. ‘पथेर पांचाली’ हाती घेईपर्यंत त्यांनी चलचित्राचा कॅमेरा कधी चालवला नव्हता. स्थिर छायाचित्रे काढणारा हा तरुण.

काशीच्या जुन्या घरांना मधोमध चौक असतो. वरून आकाशाचा चौकोनी तुकडा दिसतो आणि तिथून उतरणारा उजेड भिंतींवर पसरत खाली येतो. त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओतल्या प्रखर दिव्यांनी तर प्रत्येक वस्तूच्या दोन-तीन सावल्या पडतात. असा उजेड स्टुडिओत आणता येणार नाही, असे खुद्द मित्रांनीच राय आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांना सांगून पाहिले, पण उपयोग झाला नाही. मित्रांनी सेटवर चौकटीत ताणलेले पांढरे कापड आकाशाच्या जागी बांधले. दिवे नटांवर न रोखता खालून त्या कापडावर रोखले. कापडावरून परतलेला उजेड अगदी चौकातल्या उजेडासारखा खाली आला. परावर्तित प्रकाशाची ही रीत पुढे चित्रसृष्टीत सगळीकडे रुळली, आणि 1957 साली ‘अपराजितो’ला व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला.

एवढ्या मोठ्या युक्तीच्या मुळाशी होती ती एक साधी गोष्ट. घराच्या चौकात उजेड कसा उतरतो, हे कुणीतरी नीट पाहिले होते.

ओळखीच्या पायऱ्या

मराठी प्रवाशाला या घाटांवर परके वाटत नाही. आजचे विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली उभारले. त्यांच्या नावाचा घाटही इथे आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा आहे. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या मराठी घरे नांदली. शिंदे घाटाशी रत्नेश्वराचे देऊळ एका बाजूला कलून उभे आहे. वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. होडीतला प्रत्येक पाहुणा त्याचे चित्र घेतोच. पण पाणी उतरल्यावर गाळातून पुन्हा वर येणारे तेच देऊळ पाहायला थांबणारे थोडेच.

कॅमेरा खाली ठेवावा तिथे

या देवळाला लागूनच मणिकर्णिका आहे. इथल्या चिता रात्रंदिवस जळतात. छायाचित्रकाराची खरी कसोटी इथे लागते. ज्वाळा, धूर, लाकडांचे ढीग, काळवंडलेल्या भिंती यांतले काहीही टिपावे असेच असते. पण त्या चितेपाशी कुणाचा तरी मुलगा नुकतेच मुंडन करून उभा असतो. घाटावरची माणसे कॅमेरा पाहताच हटकतात, आणि हटकावेच. दूरवरच्या होडीतून लांब भिंगाने चोरून घेतलेले चित्रही शेवटी चोरीचेच.

कुणाला वाटेल, मृत्यू टाळला तर काशीचे चित्र अपुरे राहील. त्याचे उत्तरही ‘अपराजितो’त आहे. काशीत अपूचे वडील मरतात तेव्हा राय चिता दाखवत नाहीत. कबुतरांचा एक मोठा थवा एकदम आभाळात उडतो, एवढेच. पाहणाऱ्याच्या काळजात तेव्हा जे हलते, ते चितेच्या कुठल्याही चित्राने हलले नसते. डोळे मिटून घ्यायचे नाहीत, पण दुसऱ्याच्या दुःखावर भिंगही रोखायचे नाही. या दोन्हींच्या मधली वाट शोधावी लागते आणि ती सुचायला वेळ लागतो.

म्हणून काशीला कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने हाताशी आठवडाभर तरी ठेवावा आणि रोज त्याच एका घाटावर जावे. थंडीत बाहेरून उबदार खोलीत आल्यावर कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर भिंगावर दव धरते. आरतीच्या गर्दीत पुढे घुसण्यापेक्षा मागे वळून आरती पाहणाऱ्यांचे चेहरे बघावेत. चौथ्या-पाचव्या दिवशी नावाडी स्वतःहून हाक मारतो, चहावाला न विचारता कुल्हड पुढे करतो, आणि पायरीवरची म्हातारी कॅमेऱ्याकडे लक्ष न देता आपली वात वळत राहते.

तोवर धुके विरलेले असते. पलीकडच्या वाळूवरून सूर्य वर येतो आणि त्या म्हातारीच्या हातांवर ऊन पडते. असे ऊन काशीत रोजच पडते. त्या दिवशी ते कुणाला तरी दिसते.