वेळेचा रकाना

हॉर्मोन तपासणीच्या प्रयोगशाळेत आमच्याकडे येतात ते बहुतेक नेहमीचेच नमुने: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, इन्शुलिन. नर्सिंगच्या संशोधनाचं काम पहिल्यांदा आलं ते एका सिस्टरांमुळे. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली ड्युटी सांभाळून त्या पीएच.डी. करत होत्या. बाळाला कांगारू पद्धतीनं उघड्या छातीशी धरल्यावर आईचा ताण उतरतो का, हे त्यांना लाळेतल्या कॉर्टिसॉलवरून तपासायचं होतं.

“रक्त का नको?” मी विचारलं.

“सुई टोचली की त्यानंच ताण वाढतो, सर. आणि त्या बाळंतिणीला किती वेळा टोचायचं?”

मला पटलं. शिवाय लाळेत उतरतं ते प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं कॉर्टिसॉल.

अडचण वेळेची होती. कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात शिखरावर जातं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतं. सकाळी एक नमुना आणि दुपारी दुसरा घेतला, तर आईनं बाळाला हातही न लावता आकडा कमी येईल. त्यामुळे तुलनेचा, नुसत्या विश्रांतीचा दिवस हवा आणि त्याच वेळांचे नमुने हवेत.

सिस्टर बर्फाची पेटी घेऊन आल्या तेव्हा मी आधी त्यांचा तक्ता वाचला. जाग कधी आली, शेवटचं कधी खाल्लं, नमुना कधी घेतला, सगळं भरलेलं. एका ओळीत लाल पेननं लिहिलं होतं: ‘आत्ताच चहा घेतला, अर्ध्या तासानं घ्यावा.’ एका ट्यूबमधली लाळ गुलाबी होती. हिरडीचं रक्त मिसळलं की कॉर्टिसॉल खोटं वाढतं, म्हणून ती बाद केली.

नमुने उणे 20 अंशांवर साठवले. तपासणीच्या दिवशी ते वितळवून सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवले, की चिकट भाग खाली बसतो. एलायझा या रंगावरून मोजणाऱ्या चाचणीच्या प्लेटमध्ये 96 खाचा. प्रत्येक नमुना दोन खाचांत, आणि एका आईचे सगळे नमुने एकाच प्लेटवर. इथे रंग उलटा बोलतो: कॉर्टिसॉल जास्त, तर रंग फिका. नमुना आधीचा की नंतरचा, हे मला कळू नये म्हणून ट्यूबवर फक्त सांकेतिक क्रमांक होते. जोडीच्या दोन खाचा जुळल्या नाहीत, तर तो नमुना पुन्हा लावायचा.

पण चुकीच्या वेळी घेतलेला नमुना कुठलंही यंत्र सुधारू शकत नाही. ती वेळ खाटेजवळ उभ्या असलेल्या सिस्टरच सांभाळतात. म्हणून अशा अभ्यासाची आखणी होतानाच प्रयोगशाळेनं त्यांच्याबरोबर बसलं पाहिजे, नमुने आल्यावर नव्हे.